दोन मायक्रॉनची माती आणि पाच हजार चौरस मीटरचा हौद

दिल्लीत मयूर विहारमधल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बोट फिरवून पाहावं. बोटाला लागणारी करडी पूड आदल्या सप्टेंबरपासून साचत आलेली असते. दिल्लीत मोसमी पाऊस सरासरीने २७ जूनला येतो आणि २५ सप्टेंबरला परततो. मधल्या नऊ महिन्यांत हिवाळ्यातल्या दोन-चार सरी सोडल्या तर गच्ची धुऊन काढणारं कोणी नसतं. मे-जूनमध्ये राजस्थानकडून आंधी येते आणि उरलीसुरली कसर भरून काढते. जून २०१८च्या मध्यात अशाच धुळीने दिल्लीच्या हवेतले दहा मायक्रॉनपर्यंतचे कण घनमीटरला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर नेले होते. कायद्याची चोवीस तासांची मर्यादा १०० आहे.

या धुळीचा ढोबळ हिशेब कागदावर मांडता येतो. हवेत घनमीटरला सरासरी २०० मायक्रोग्रॅम बारीक धूळ आहे आणि ती सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने खाली बसते, असं धरू. मग दर चौरस मीटरवर दिवसाला १७३ मिलिग्रॅम धूळ उतरते. चिमूटभरही नाही. पण कोरडे दिवस २७५ आहेत आणि सोसायटीची गच्ची समजा १,००० चौरस मीटर आहे. गुणाकार केला की ४७ किलो होतात, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीला जवळजवळ पुरेल इतकी पूड. आंधीबरोबर येणारी जाड रेव, कबुतरांची विष्ठा आणि पिंपळाची पानं यात धरलेली नाहीत.

वजन डोळ्यांसमोर आणता येतं, कणांची संख्या मात्र आवाक्याबाहेर जाते. एक मिलिमीटर व्यासाचे वाळूचे दाणे घेतले तर एका ग्रॅमला सुमारे ७२० भरतात. तेच द्रव्य एक मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं दळलं, तर एका ग्रॅममध्ये ७२ हजार कोटी कण होतात. व्यास हजारपटीने घटला की संख्या शंभर कोटी पटीने वाढते. गच्चीवरच्या ४७ किलोंपैकी फक्त दहावा भाग इतका बारीक धरला, तरी पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला चार लाख कण येतील. एका इमारतीच्या एका गच्चीवरचे.

आता त्या गच्चीवर पाऊस पडू दे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे गणित पाठच असावं, बाकी सगळं त्यातूनच निघतं. सफदरजंगच्या वेधशाळेत वर्षाची सरासरी ७७४ मिलिमीटर आहे. मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल, कारण २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. दिल्लीचं अख्खं वर्ष मुंबईच्या त्या एका दिवसात मावलं असतं. तरीही काँक्रीटच्या गच्चीवरून पावसाचे ८५ टक्के हाती लागतात असं धरलं, तर आपल्या गच्चीचं वर्षाचं उत्पन्न ६ लाख ५८ हजार लिटर होतं. दहा हजार लिटरचे पासष्ट टँकर. सबंध दिल्लीचं क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर. तिच्यावर वर्षभरात पडणारं पाणी एक लाख कोटी लिटरच्या वर जातं. दिल्लीला रोज साधारण १,००० दशलक्ष गॅलन पुरवठा होतो. त्या मापाने मोजलं तर हे पाणी अडीचशे दिवसांचं आहे. दिल्लीत २००१पासून १०० चौरस मीटरहून मोठी गच्ची असलेल्या नव्या इमारतींना पाणी साठवणं वा जिरवणं सक्तीचं झालं. मुंबई महापालिकेने २००२मध्ये १,००० चौरस मीटरवरच्या नव्या भूखंडांना तोच नियम लावला. त्यामागे हेच गणित होतं.

अडचण वेळेची आहे. हे पाणी वर्षभर थेंब थेंब येत नाही. २८ जून २०२४ला सफदरजंगला चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस झाला. जूनमधल्या एका दिवसात इतका पाऊस १९३६नंतर झाला नव्हता. त्यातला ९१ मिलिमीटर पहाटे पाच ते सहा या एकाच तासात पडला. मोसमी पाऊस दिल्लीत पोचला तोच या रूपात, म्हणजे नऊ महिन्यांची धूळ गच्चीवर जशीच्या तशी पडून असताना. तसा तास आपल्या १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर आला, तर पन्हळींतून सेकंदाला साडेएकवीस लिटर पाणी खाली येईल.

खाली चेंबर असतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या मार्गदर्शिकेत ही सगळी रचना दिलेली आहे: गच्चीच्या तोंडाशी जाळी, पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडायला वेगळी वाट, गाळ बसायला चेंबर, आणि मग शोषखड्डा. एखाद्या सोसायटीत हे चेंबर दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे असं समजू. त्यात ३,००० लिटर पाणी मावतं. सेकंदाला साडेएकवीस लिटर येत असतील तर पाण्याचा प्रत्येक थेंब त्यात सव्वादोन मिनिटांहून थोडाच अधिक थांबेल. गाळाला तळ गाठायला तेवढाच अवधी.

त्या अवधीत किती गाळ बसतो, याचं उत्तर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१मध्ये देऊन ठेवलं आहे. स्थिर द्रवात बारीक कण ज्या वेगाने बुडतो तो वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाशी बांधलेला असतो. व्यास दहापटीने कमी झाला की वेग शंभरपटीने कमी होतो. उन्हाळ्यातल्या पाण्यात दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला दीड-दोन मिनिटं घेतो. दहा मायक्रॉनचा पोयट्याचा कण तेवढ्याच अंतराला पावणेतीन तास घेतो. दोन मायक्रॉनपासून खाली चिकणमाती सुरू होते. तो कण जवळजवळ तीन दिवस घेतो. एक मायक्रॉनचा साडेअकरा दिवस. दशांश मायक्रॉनच्या कणाला तर तीन वर्षांहून अधिक काळ लागेल, तोही पाणी पूर्ण निश्चल राहिलं तर. प्रत्यक्षात दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने पाण्यात मंद प्रवाह उठतात आणि तेच त्याला पुन्हा वर नेतात. आपल्या चेंबरमध्ये सव्वादोन मिनिटांत दोन मायक्रॉनचा कण किती खाली उतरला असेल? अर्धा मिलिमीटर. त्याला दीड मीटर जायचं होतं.

यावर कोणालाही पहिला उपाय सुचतो तो चेंबर खोल करण्याचा. कंत्राटदारही तेच सांगतो, कारण जागा अडत नाही आणि खोदकामाचं बिल वाढतं. त्याचा उपयोग होत नाही. खोली दुप्पट केली की पाणी दुप्पट वेळ थांबतं हे खरं, पण कणाला अंतरही दुप्पट कापावं लागतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. अमेरिकन अभियंता ॲलन हेझन यांनी १९०४मध्ये हे नीट मांडलं: गाळ बसण्याच्या कामी हौदाचं क्षेत्रफळ मोजायचं, खोली नव्हे. सेकंदाला येणारं पाणी भागिले हौदाचं क्षेत्रफळ, हा जो वेग निघतो त्याहून हळू बुडणारा कण पूर्णपणे हाती लागायचा नाही.

या सूत्रात आपले आकडे घातले की या विषयातला सगळ्यात थक्क करणारा हिशेब समोर येतो. दोन चौरस मीटरचं चेंबर त्या मुसळधार तासात दशांश मिलिमीटरहून मोठी वाळू तेवढी पूर्णपणे अडवेल. दहा मायक्रॉनपर्यंतचा पोयटा अडवायचा तर २१३ चौरस मीटरचा हौद हवा, म्हणजे गच्चीच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा. दोन मायक्रॉनची माती अडवायची तर हौद ५,३०० चौरस मीटरचा. गच्ची १,००० चौरस मीटरची आणि तिचं पाणी निवळायला लागणारा हौद तिच्या पाचपटीहून मोठा! एक मायक्रॉनपर्यंत जायचं तर २१ हजार चौरस मीटर, सव्वापाच एकर. तेवढ्या जागेत आणखी काही सोसायट्या उभ्या राहतील.

हे गुणोत्तर गच्चीच्या आकारावर अवलंबून नाही. बंगल्याची १०० चौरस मीटरची गच्ची घेतली तरी हौद पाचपटच लागेल. त्या तासात गच्चीवर पाण्याची पातळी सेकंदाला साडेएकवीस मायक्रॉनने वाढत होती आणि चिकणमातीचा कण पाण्यात सेकंदाला चार मायक्रॉनने खाली जात होता. आकाश पाचपट वेगाने पुढे होतं. तासाला दहा मिलिमीटर अशी मध्यम सर असेल, तर मात्र गच्चीच्या सहा दशांश आकाराचा हौद पुरतो. म्हणजे आकाश शांत असेल तेव्हा यंत्रणा चांगली चालते आणि सर्वांत जास्त पाणी मिळण्याच्या तासाला हरते.

चेंबरमधून सुटलेली माती शोषखड्ड्यात जाते. भूजल मंडळाने सांगितलेला खड्डा एक ते दोन मीटर रुंद आणि दोन ते तीन मीटर खोल असतो. तळाशी ५ ते २० सेंटिमीटरचे गोटे, मधे ५ ते १० मिलिमीटरची खडी, वर दीड ते दोन मिलिमीटरची जाड वाळू. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. बारीक थर वर ठेवला की गाळ वरच अडतो आणि खरवडून काढता येतो. तो उलटा लावला, गोटे वर आणि वाळू तळाशी, तर गाळ तीन मीटर खाली जाऊन बसेल आणि सगळा खड्डा उपसल्याशिवाय हाती लागणार नाही. दीड मिलिमीटरच्या दाण्यांमधली सगळ्यात अरुंद फट साधारण पाव मिलिमीटरची असते, दोन मायक्रॉनच्या कणापेक्षा शंभरपटीहून मोठी. तरी बरेच कण अडतात. वाकणावळणांत दाण्याला टेकतात, चिकटतात, आणि चिकटलेल्यांना पुढचे चिकटतात. एक ऋतू गेला की वाळूवर करडी साय धरते.

त्या सायीची ताकद पाहावी. आपले ४७ किलो दोन चौरस मीटरच्या वाळूवर पसरले तर सुमारे दोन सेंटिमीटरचा थर होतो. जाड वाळूतून पाणी ज्या सहजतेने वाहतं त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याने ते चिकणमातीतून वाहतं. थर निव्वळ चिकणमातीचा असता, तर त्या दोन सेंटिमीटरने पाण्याला केलेला अडथळा २० किलोमीटर उंचीच्या वाळूच्या खांबाएवढा असता. माणसाने पृथ्वीत पाडलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातल्या कोलाचं, १२,२६२ मीटर आहे. गच्चीवरच्या धुळीत पोयटा जास्त असतो म्हणून दहा लाखांऐवजी दहा हजारपटच अडथळा धरला, तरी २०० मीटर वाळू होते, पावणेतीन कुतुबमिनार एकावर एक. असा खड्डा पावसात तुडुंब भरतो, पाणी आवारात येतं, आणि सोसायटीच्या सभेत कोणीतरी म्हणतं की ही योजनाच फसवी आहे. योजनेत खोट नाही. वरचे दोन सेंटिमीटर कोणी खरवडले नाहीत.

याहून वाईट म्हणजे वाळूलाही चुकवून माती पुढे गेली तर. खड्ड्यातून खाली बोअर उतरवलेला असतो. त्याच्या जाळीच्या नळीभोवती माती एकदा भरली की खोरं तिथवर पोचत नाही. आणि माती एकटी कधीच जात नाही. तिच्या कणांचा एकूण पृष्ठभाग अफाट असतो, एक मायक्रॉनच्या एका ग्रॅमला सव्वादोन चौरस मीटर, आणि त्याला जंतू व जड धातू चिकटून प्रवास करतात. दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला द्वारकेत सोसायट्यांच्या पाणी जिरवण्याच्या खड्ड्यांचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. २०२३मध्ये तिथल्या २३५ सोसायट्यांपैकी १८० ठिकाणच्या नमुन्यांत अमोनिया आणि विरघळलेले क्षार प्रमाणाबाहेर सापडले. अमोनिया पावसाचा नसतो, सांडपाण्याचा असतो. तरी त्या आकड्यांवरून इतकं दिसतं की खड्डा खणून झाल्यावर त्यात काय उतरतं याकडे बघणारं कोणी नव्हतं.

मयूर विहारला हे जास्त लागू आहे, कारण इथे यमुना पुश्त्यापलीकडेच, म्हणजे नदीच्या बांधापलीकडेच आहे. १३ जुलै २०२३ला तिची पातळी २०८.६६ मीटरवर गेली, १९७८चा २०७.४९चा विक्रम मोडून. तेव्हा खादरमधली, म्हणजे नदीच्या पूरपट्ट्यातली शेतकरी कुटुंबं मयूर विहारच्या रस्त्यालगत तंबूंत राहायला आली होती. नदीकाठच्या वाळूत पाणी सहज मुरतं, आणि घाणही तितक्याच सहज मुरते. भूजल जिथे फार वर आहे तिथे शोषखड्ड्याचा तळ पाण्यातच बुडेल, वाळूला गाळायला कोरडी जागा उरणार नाही. अशा ठिकाणी पाणी जिरवण्यापेक्षा टाकीत साठवलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. आणि साठवलं की स्टोक्सचा नियम आपल्या बाजूने काम करू लागतो. टाकीत पाणी तीन दिवस हललं नाही तर दोन मायक्रॉनपर्यंतचा साका एक मीटर खाली बसलेला असतो. उपसा तळातून न घेता वरून, तरंगत्या नळीने घेतला की तो ढवळला जात नाही.

घाई असेल तर तुरटी आहे. आजीने माठात फिरवलेल्या खड्यामागेही एक आकडा आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. हे ढकलणं मोडण्याची क्षमता विरुद्ध भाराच्या सहाव्या घाताने वाढते, असा शुल्झ-हार्डी यांचा नियम आहे. सोडियमचा एक भार, त्याची ताकद एक धरली तर कॅल्शियमचे दोन भार ६४ होतात आणि तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे तीन भार ७२९. कण गोळा होतात. एक मायक्रॉनचे कण मिळून शंभर मायक्रॉनचा पुंजका झाला आणि घनता तीच राहिली, तर तो दहा हजारपट वेगाने खाली जाईल. पुंजके सैल आणि हलके असल्यामुळे प्रत्यक्षात वेग बराच कमी भरतो, पण दिवसांचे तास होतात. लिटरला २० मिलिग्रॅमच्या हिशेबाने दहा हजार लिटरना २०० ग्रॅम तुरटी लागते. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्याने ते तुरटीने आंबट होतं, म्हणून बरोबर थोडा चुना लागतो. निवळीच्या बिया उगाळून घालण्याची रीतही याच कामाची.

गाळ आधी वेगळा करायचा आणि मग पाणी साठवायचं, ही युक्ती आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरलेली आहे. प्रयागराजजवळ शृंगवेरपूरला गंगेकाठी बी. बी. लाल यांनी इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला तलाव खोदून काढला. सगळी रचना सुमारे २५० मीटर लांब. पुराचं पाणी कालव्याने आधी गाळाच्या खड्ड्यात येई, तिथे माती टाकी, मग विटांच्या एका तलावातून दुसऱ्यात जाई. स्टोक्स जन्मण्याच्या अठराशे वर्षं आधी त्या बांधकाम करणाऱ्यांनी क्षेत्रफळ भरपूर दिलं होतं. लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन यांनी १८२९मध्ये चेल्सीच्या पाणीपुरवठ्यासाठी संथ वाळूगाळण बांधलं, त्यातही क्षेत्रफळावरच भर होता. तासाला वीस सेंटिमीटर या त्याच्या चालीने आपल्या गच्चीचा तो मुसळधार तास गाळायचा झाला, तर ३९० चौरस मीटर वाळू पसरावी लागेल.

सोसायटीकडे तेवढी जागा नसते. म्हणून उत्तर खाली न शोधता वर, गच्चीवर शोधावं लागतं. वॉरिक विद्यापीठाच्या मार्टिन्सन आणि थॉमस यांनी एक सोपा ठोकताळा दिला आहे: सुरुवातीच्या दर मिलिमीटर पावसागणिक वाहून येणारी घाण निम्मी होते. एक मिलिमीटर सोडला की अर्धी, दोन सोडले की पाव, तीन सोडले की अष्टमांश, पाच सोडले की बत्तिसावा भाग. हे तंतोतंत धरलं तर ४७ किलोंतले ४१ किलो पहिल्या तीन मिलिमीटरमध्येच निघून जातात. ते तीन मिलिमीटर म्हणजे वर्षाच्या पावसाचे चार दशांश टक्के. वर्षातून दहा वेळा, प्रत्येक लांब उघडिपीनंतर, असे तीन मिलिमीटर गटारात सोडले तरी तोटा चार टक्क्यांचा. मात्र त्यासाठी पन्हळीच्या पायथ्याशी असलेली बाहेरची झडप पावसाआधी कोणीतरी उघडायला हवी आणि दहा-पंधरा मिनिटांनी बंद करायला हवी. पहाटे पाच वाजता मुसळधार पावसात ते काम पहारेकऱ्यावर येतं. त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं आणि त्याच्या पगारात ते धरलेलं नसतं.

झाडू त्याहून स्वस्त आहे. २० जूनच्या सुमारास दोन माणसांनी एका सकाळी गच्ची झाडली आणि ४७ किलोंपैकी ३५ किलो पोत्यात भरले, तर चेंबरला आणि वाळूला उरलेल्या बारा किलोंशीच सामना करावा लागतो. पाच हजार चौरस मीटरच्या हौदाने जे साधायचं होतं, त्यातलं पुष्कळसं त्या सकाळी उरकतं. कोरडी धूळ झाडताना उडते, म्हणून आधी हलकं पाणी शिंपडावं आणि काम करणाऱ्यांना नाकातोंडावर बांधायला चांगला मास्क द्यावा. ते कण फुप्फुसात जाण्याइतके बारीक आहेत. मग जाळ्या काढून धुवाव्यात, चेंबरचं झाकण उघडून तळ उपसावा. ऑक्टोबरमध्ये वाळू सुकली की वरचे दोन-तीन सेंटिमीटर खोऱ्याने काढून तेवढीच स्वच्छ धुतलेली वाळू भरावी. दोन चौरस मीटरच्या खड्ड्यातून निघणारा ऐवज चार-पाच घमेल्यांपेक्षा जास्त नसतो आणि माणसाला त्याला एक तास पुरतो.